लाद्या नव्हेत

पहिल्या दिवशी वीस मिली.
बाटलीचा तळ झाकण्याइतकं,
आणि त्यासाठी पाऊण तास,
पाठ भिंतीला, पदराखाली पंपाचा घोगरा श्वास.
आयेने दारातून विचारलं,
"काय गो, मशीन बिघाडला?"
मशीन बरं होतं.

मी हिशेबातली बाई.
बर्फाच्या कारखान्यात सात वर्षं लाद्या मोजल्या:
कुठल्या ट्रॉलरला किती, उधारीवर किती,
वितळून गेल्या किती.
वितळलेल्याचाही रकाना असतो आमच्याकडे.

एक ऑगस्टला बंदी उठणार, होड्या सुटणार,
मालकांचा निरोप आला, हजर व्हा.
हातात एकवीस दिवस.

फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या, बांगड्यांची पिशवी,
तळाशी कधीची ते कुणालाच आठवत नाही अशी कोलंबी.
आयेने एका संध्याकाळी सगळं उपसलं,
सोड्याने पुसलं, पुन्हा पुसलं,
बांगडे शेजारच्या हेमांगीकडे, कोलंबी मांजराला.
बोलली काहीच नाही.
रात्री पानात भात आणि सोलकढी,
आणि घरातल्या कुणीही विचारलं नाही,
म्हावरा खंय?

पिशवीवर तारीख, वेळ, मिली,
कारखान्यातूनच आणलेल्या मार्करने.
जुनं आधी काढायचं, नवं मागे ठेवायचं,
हे मला कुणी शिकवायला नको.
पहाटे जास्त येतं.
भरतीचं म्हणाल, तर नाही;
मी दहा दिवस घड्याळ लावून पाहिलंय,
समुद्राचा काही संबंध नाही.
निळसर असतं, मग वर साय धरतं,
आणि गोठलं की पिवळट,
जुन्या पुस्तकाच्या पानासारखं.

सतराव्या रात्री डीपी उडाला.
सकाळी लाईट नाही. दुपारी वायरमन म्हणाला, उद्या.
फ्रीजर उघडू नका, असं सगळेच म्हणत होते
आणि सगळेच उघडून बघत होते.
अकरा पाकिटं. नऊशे साठ मिली.
मी मनातल्या मनात वितळलेल्याचा रकाना आखला
आणि मोरीत जाऊन रडले.

तात्या उठले.
आमिषाची थर्माकोलची पेटी तीनदा कढत पाण्याने धुतली,
नाकाला लावून पाहिली,
चौथ्यांदा धुतली.
धुवट सदरा घातला, टोपी घातली,
आणि लग्नाला निघाल्यासारखे
सायकलच्या कॅरियरला पेटी बांधून
भर पावसात सर्जेकोटच्या जेटीकडे गेले.
कारखाना जनरेटरवर चाचणीला सुरू होता.
बस्त्याव होता ड्युटीवर.
एवढंच सांगितलं मला परत आल्यावर,
आणि पायजम्याचे पाय पिळत बसले.

एक तारखेला मी रजिस्टर उघडलं.
जुलैचं पान कोरं,
मध्येच बस्त्यावच्या वाकड्या अक्षरात एक नोंद:
पाकिटं ११. कोल्ड रूम, वरचा कप्पा.
लाद्या नव्हेत. कोणी हात लावू नये.
दराच्या रकान्यात त्याने आडवी रेघ मारली होती.
मी ते पान बेरजेत घेतलं नाही.
खोडलंही नाही.

अकरा वाजता क्रशर सुरू झाला.
त्या खडखडाटात माझा पंप कुणालाच ऐकू येत नाही,
मलाही नाही.
तिजोरीच्या खोलीला आतून कडी नाही,
म्हणून टेबल सरकवलं, वर स्वतः टेकून बसले.
अमोनियाचा वास, अंगावर काटा, ब्लाऊज आधीच ओलं.

घरी आता तात्यांच्या मांडीवर बाय असेल,
बोंडल्यातून पीत असेल, नाहीतर थुंकत असेल.
त्यांच्या बोटांना जाळ्याचा वास येतो म्हणून तोंड फिरवत असेल,
नाहीतर तो वास ओळखीचा म्हणून गप्प झाली असेल.
फोन करायचा नाही, असं ठरलंय.
दोनदा हातात घेऊन खाली ठेवला.

एकशे दहा मिली.
मार्करचं टोपण दातांनी काढलं.
तारीख घातली. वेळ घातली.
बाहेर कुणीतरी हाक मारत होतं,
बाई, चाळीस लाद्या लिवा.